खुलासा : फिनलंडमध्ये गणित-विज्ञान बंद झालेलं नाही

‘फिनलंडने शाळेतून गणित, भौतिकशास्त्र हे विषयच काढून टाकले’ असा मेसेज कोथरूड, सिंहगड रस्ता भागातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. तो खोटा आहे.

ऑगस्ट २०१६ पासून तिथल्या शाळांत नवा अभ्यासक्रम आला. वर्षातून किमान एकदा अनेक विषय एकत्र घेऊन शिकवायचं, एवढं त्यात सक्तीचं केलं. बातमी तिथूनच फुगली. विषय जागच्या जागी आहेत.

उलट नववीनंतरच्या ‘लुकिओ’त, म्हणजे तिथल्या उच्च माध्यमिक शाळेत, गणित कुणालाच टाळता येत नाही. मोठा अभ्यासक्रम घ्या नाहीतर छोटा, एक घ्यावाच लागतो. आपल्याकडे कला शाखेला गेलेल्या मुलाचं गणित दहावीलाच संपू शकतं! लुकिओची शेवटची परीक्षा संगणकावर होते. गणिताच्या पेपरात पहिला भाग बीजगणित सोडवून देणाऱ्या सॉफ्टवेअरविना सोडवायचा, दुसऱ्या भागात ते वापरायला मिळतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांचे पेपरही वेगवेगळे.

अकरावीचे प्रवेश तोंडावर असताना या मेसेजच्या भरवशावर कृपया कुणाला गणित सोडायला सांगू नका. ज्या ग्रुपवर तो आलाय, तिथे हा खुलासाही टाका.