आईचं तिरफळ आणि भाचीचे नूडल्स

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं होणारे, वेळ असेल तर वाचा.

दुपारी सगळे ताईकडे जेवायला जमलो होतो. भाची हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने सकाळपासून खपून नूडल्स केले. साधे नाहीत, तिरफळाचे, म्हणजे कोकणात माशांच्या कालवणात घालतात ते मसाल्याचं फळ. सुकी तिरफळं निवडली, आतल्या काळ्या बिया एकेक करून काढून टाकल्या, नुसती सालं खलबत्त्यात जाडसर कुटली, त्यात लसूण आणि बेडगी मिरची, आणि वरून कडकडीत तेल. घरात बांगडा नव्हता तरी बांगड्याच्या तिखल्याचा वास सुटला, शप्पथ सांगते. आणि आमच्या एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी पहिला घास घ्यायच्या आधीच म्हटलं, "एवढी फी भरली ती चायनीजची गाडी लावायला काय गो? आजी असती तर ताट भिरकावलं असतं." सगळे हसले. पोरगी काही बोलली नाही, आपली प्लेट उचलून आत गेली.

आजी म्हणजे माझी आई. ती काय भिरकावणार होती हे मला विचारा ना! बिया काढायला ह्या पोरीला शिकवलं कुणी? आईनेच. कॉलेजात तिला व्हाइट सॉस शिकवला, ब्राऊन सॉस शिकवला, भाज्यांचे पंधरा प्रकारचे तुकडे शिकवले, तिरफळ कुणी शिकवलं नाही. आणि तिने जे केलं ते डोकं लावून केलं होतं. चीनमधलं ते शेझवान मिरं आहे ना, जीभ बधिर करणारं, ते आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली, सख्खी चुलत भावंडं. सिचुआनमधले, म्हणजे आपण ज्याला शेझवान म्हणतो त्या प्रांतातले लोक ते मिरं तेलात घालून नूडल्सवर घेतात. मग आमच्या पोरीने तिथे कोकणातलं तिरफळ घातलं तर कुणाचं काय बिघडलं? (आपल्याकडच्या बाटलीतल्या लाल शेझवान चटणीत ते मिरं बहुतेक वेळा नसतंच, ती मात्र आपण बोटं चाटून खातो.)

फ्लॉइड कार्डोझ हा शेफ किती जणांना माहितीये? मुंबईत जन्मलेला, घर मूळ गोव्याचं, बायोकेमिस्ट्री शिकला आणि ते सोडून हॉटेल लाइनला आला. मुंबईत शिकून मग स्वित्झर्लंड, मग न्यूयॉर्क. तिथे लेस्पिनास नावाच्या भारी फ्रेंच पद्धतीच्या किचनमध्ये शेफ ग्रे कुंझच्या हाताखाली राबला. आणि १९९८ मध्ये मॅनहॅटनमध्ये टॅब्ला नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं, तिथला शेफ हा. गोव्याच्या मसाल्यातले खेकड्याचे केक तो तिथे वाढायचा, न्यूयॉर्कमधले सूटबूटवाले लोक ते पैसे मोजून खायचे. टॅब्ला २०१० मध्ये बंद झालं हे कमेंटमध्ये सांगू नका, माहितीये मला. बारा वर्षं चाललं, आणि तेही न्यूयॉर्कमध्ये.

पण मला त्याचं आवडतं ते पुढचं. २०११ मध्ये टॉप शेफ मास्टर्स ह्या अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या शेफच्या स्पर्धेची फायनल. आपली जेवणातली एखादी जुनी आठवण ताटात आणा असं सांगितलं होतं. ह्या माणसाने काय केलं? उपमा! जंगली मशरूम घालून, पोलेंटासारखा मऊ, सोबत कोकम आणि नारळाचं दूध. कोकम आणि नारळाचं दूध म्हणजे आपली सोलकढीच की हो! आणि जिंकला. बक्षिसाचे पैसे कॅन्सर संशोधनाला दिले. त्या रात्री कुणी म्हटलं नाही त्याला की स्वित्झर्लंडला जाऊन उपमाच करायचा होता का.

आमच्या पोरीला मात्र म्हणणार. प्लेट घेऊन आत गेली ना ती, ते काही केल्या डोळ्यासमोरून हलत नाही माझ्या.

बरं, मान्य, फ्यूजनच्या नावाखाली वाट्टेल ते चालतं. चीज फासलेलं थालीपीठ मलाही बघवत नाही. पण ते करणाऱ्याला बऱ्याचदा मूळ थालीपीठच येत नसतं, तिथे खरी गोची आहे. ज्याला घरचं नीट येतं त्याला कुठे थांबायचं तेही कळतं. भाचीने नूडल्समध्ये खोबरं घातलं नाही, विचारलं तर म्हणाली, "मावशी, खोबऱ्याने तिरफळ दबलं असतं." हे आईचं वाक्य नाही, हे तिचं स्वतःचं आहे, आणि ऐकून मला इतकं भरून आलं की काय सांगू.

आणि परंपरा परंपरा करून ओरडणाऱ्यांनी उपवासाच्या खिचडीकडे एकदा बघा. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चारही अमेरिका खंडातून आलेले. कुठल्यातरी पणजीच्या पणजीने पहिल्यांदा ते कढईत एकत्र केलं तेव्हा तिलाही कुणी पाहुणा बोललाच असेल. तिने ऐकलं नाही म्हणून आपण एकादशीला पोटभर खातो.

कार्डोझ पुढे मुंबईतही आला. २०१५ मध्ये लोअर परळला बॉम्बे कँटीन हे रेस्टॉरंट, मग बीकेसीत गोव्याच्या चवीचं ओ पेड्रो, मग भायखळ्याला बॉम्बे स्वीट शॉप. ते शेवटचं मार्च २०२० मधलं. त्याच महिन्यात, २४ तारखेला, न्यू जर्सीत कोविडने गेला, ५९ वर्षांचा होता फक्त. आपण तेव्हा घरात अडकून भांडी घासत होतो, कितीकांना पत्ताही लागला नाही. मला अजून वाईट वाटतं.

आता राग थोडा उतरलाय, तर कामाचं बोलते. पोरीला पुढच्या महिन्यापासून ट्रेनिंगसाठी किचन हवंय. मुंबई, गोवा, कुठेही चालेल, फक्त तिथे मसाला रोज वाटला जात असावा आणि बारा-चौदा तास उभं राहणाऱ्या मुलीला दोन वेळा नीट जेवायला मिळावं. कुणाच्या ओळखीत असेल तर इनबॉक्स करा.