सुरक्षेवरची पट्टी

माझ्या गाडीच्या डिकीत एक समई आहे. पितळेची, तीन फुटी. वळणावर ती गडगडते, आणि शंकरनगर चौकात ब्रेक मारला की गाडी थांबल्यावरही आणखी एकदा, स्वतःच्या समाधानासाठी, गडगडते. बायकोला वाटायचं गाडीचं काहीतरी सैल झालंय. मेकॅनिकलाही तसंच वाटलं आणि त्याने पुढचे दोन्ही शॉकअप बदलून दिले. आवाज अर्थातच गेला नाही.

समई संघटनेची आहे. अन्नशास्त्रज्ञांची आमची एक स्थानिक संघटना आहे आणि मी तिचा मानद सचिव आहे. ह्या पदासाठी माझी निवड विद्वत्तेवर झाली, असं मी सासुरवाडीला सांगतो. खरं म्हणजे आधीचे सचिव वार्षिक सभेत उठून म्हणाले, “मी स्कूटरवर दोन पायांमध्ये समई धरून किती वर्षं न्यायची?” सभेत शांतता पसरली. मग कुणीतरी माझ्याकडे बघून विचारलं, “तुमची गाडी डिकीवाली आहे ना?” मी “हो” म्हणालो. ते कामकाजात ‘स्वीकृती’ म्हणून नोंदलं गेलं.

संघटनेची एकूण जंगम मालमत्ता तीन नग: समई, एक प्रोब थर्मामीटर आणि एक बॅनर. बँकेत काही रक्कमही आहे, पण तिच्यावर आजीव सदस्यांचं बारीक लक्ष असतं. आजीव सदस्य म्हणजे ज्यांनी १९९३ साली एकदाच तीनशे रुपये भरले आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला “नाश्त्याला काय आहे?” हे विचारण्याचा हक्क मिळवला.

“वर्षभर करता तरी काय हो तुम्ही?” असं शेजारचे काका विचारतात. भरपूर करतो. एप्रिलमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा असते. तिला गणपूर्ती होत नाही. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते, तेव्हा आमच्या घटनेप्रमाणे गणपूर्तीची गरज नसते. ह्या मधल्या अर्ध्या तासात चहा होतो. गेल्या कित्येक वर्षांत संघटनेने एकमताने आणि उत्साहाने पार पाडलेला कार्यक्रम तेवढाच. मग हिशेब, ऑडिट, कार्यकारिणी बदलली की धर्मादायकडे चेंज रिपोर्ट. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय पोषण सप्ताह, म्हणजे शाळा-शाळांतून भेसळ ओळखण्याची प्रात्यक्षिकं. दुधात आयोडिनचा थेंब टाकायचा, निळं झालं तर पिठूळ काहीतरी मिसळलंय. मागच्या वर्षी सातवीतल्या एका पोराने विचारलं, “सर, पाणी टाकलं असंन तं कळते का ह्यात?” म्हटलं, नाही. “मंग काय फायदा? आमचा दूधवाला पानीच टाकते.” बाई त्याच्यावर रागावल्या, पण मला उत्तर सुचलं नाही. फेब्रुवारीत २८ तारखेला विज्ञान दिनाची प्रश्नमंजूषा असते. तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

खरी परीक्षा असते दोन दिवसांची. १६ ऑक्टोबरचा जागतिक अन्न दिन जुना. १९४५ साली ह्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना स्थापन झाली. ७ जूनचा जागतिक अन्न सुरक्षा दिन नवा, २०१९ पासूनचा. तो सुरू झाल्यावर आम्ही हौसेने नवा फ्लेक्स छापून घेतला: ‘जागतिक अन्न सुरक्षा दिन’. तारीख घातली नाही, म्हणजे दरवर्षी चालेल. त्याच उन्हाळ्यात अध्यक्षांनी ऑक्टोबरचा जुना बॅनर सावलीसाठी घरच्या कुलरवर टाकला. नागपूरच्या उन्हाने दोन महिन्यांत त्यातली अक्षरं चाटून पुसून खाल्ली. आता ऑक्टोबरला काय करायचं? खजिनदार म्हणाले, “नव्या बॅनरवरच ‘सुरक्षा’ तेवढी झाका. राहिलं ‘जागतिक अन्न दिन’. दुसरा फ्लेक्स कशाला?”

तेव्हापासून वर्षाचे आठ महिने आमची सुरक्षा एका पांढऱ्या कागदाच्या पट्टीखाली असते. पट्टी मी कणकेच्या खळीने चिकटवतो. सेलोटेपने फ्लेक्सचा रंग निघतो. आणि पिठातला स्टार्च पाण्यात साठ-सत्तर अंशांना फुगून चिकट होतो, हे ज्याने आयुष्यभर शिकवलं त्याने डिंकाची बाटली विकत का आणावी? फक्त खळ झुरळांनाही आवडते. दर जूनला बॅनर उघडला की पट्टीच्या कडा खाल्लेल्या आणि मधून ‘रक्षा’ डोकावताना दिसते.

तर गेल्या ७ जूनची गोष्ट. पाऊस आलेला नव्हता, आज येतो उद्या येतो म्हणून नुसतं घामाने भिजवत होता, आणि पारा चव्वेचाळीसला. म्हणून कार्यक्रम सकाळी साडेआठला ठेवला. विषय: ‘अन्न हाताळणीतील तापमान’. नाश्ता: तर्री-पोहे. चौकातल्या ठेलेवाल्याला पन्नास प्लेटा सांगितल्या होत्या. तो वक्तशीर निघाला, साडेसातलाच पोहे पोचवून गेला. प्रमुख पाहुणे त्या मानाने फारच मोठे निघाले.

सव्वानऊला दीपप्रज्वलन झालं. वक्त्यांनी पहिल्याच स्लाइडवर सांगितलं, पाच ते साठ अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. शिजवलेलं अन्न ह्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त ठेवू नये. आणि भोवतालचं तापमान बत्तिसाच्या वर असेल तर एकच तास. सभागृहात हास्याची लहर पसरली. जूनमध्ये बत्तीस अंश म्हणजे आमच्याकडे हिल स्टेशन. पण त्या हास्याबरोबरच अडतीस माना सावकाश मागे वळल्या. मागे टेबलावर पोह्यांचं भगुणं होतं.

नाश्त्याच्या वेळी कोणी प्लेट उचलेना. एका ज्येष्ठ सदस्यांनी माझ्या हातातून प्रोब थर्मामीटर घेतला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि भगुण्याच्या मधोमध खुपसला. आयसीयूच्या दाराशी असते तशी शांतता.

“एक्केचाळीस पॉइंट सहा.”

“तांदळाचा पदार्थ आहे,” दुसरे म्हणाले. “बॅसिलस सिरियस.”

“बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत.”

“पुन्हा गरम करून घेऊ ना मग.”

“जंतू मरतील हो. त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष कुठे मरतं?”

“पण वर लिंबू पिळलंय. पीएच काढला कोणी?”

पीएच मीटर लॅबमध्ये होतं, लॅबची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई लग्नाला तुमसरला. १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झालेल्या ह्या शहरात अन्नशास्त्र जाणणाऱ्यांचा तोटा नाही. तोटा असलाच तर जेवणाऱ्यांचा.

एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ गर्दीतून पुढे आले. धोतर, पांढरी टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं काहीतरी. मी त्यांना कोणाचे तरी वडील समजून पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्यांनी शांतपणे प्लेट घेतली, पोहे वाढून घेतले, वर तर्री ओतली, चण्यांसाठी पुन्हा एकदा डाव बुडवला.

“बाबाजी, थांबा, ते...”

“काऊन? विकाचे हायेत काय?”

विकायचे नव्हते. आता ह्याला काय सांगणार? बाबाजींनी पहिली प्लेट संपवून दुसरी घेतली. इतक्या तज्ज्ञ निरीक्षणाखाली आजवर कोणी पोहे खाल्ले नसतील. एकाने घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवली. दुसरे पुटपुटले, “उलटीचा प्रकार असेल तर अर्ध्या तासापासून सहा तासांत कळेल.”

पाणी पिऊन झाल्यावर बाबाजींनी ती पिशवी उघडली. आत रेशन कार्ड होतं.

“पेपरात वाचलं, अन्न सुरक्षा दिन हाये म्हणून. माहं नाव कटलं ह्यातून. गहू नाई भेटून राह्यला तीन महिने झाले. तुमीच पाहता नं हे?”

हा घोळ आमचा नाही, मराठीचा आहे. खाल्ल्यावर पोट बिघडू नये ही अन्न सुरक्षा, आणि मुळात पोटात काही पडावं हीदेखील अन्न सुरक्षाच. २००६ चा कायदा अन्न सुरक्षेचा, भेसळीबिसळीबद्दल. २०१३ चा कायदाही अन्न सुरक्षेचाच, तो रेशनचा. इंग्रजीत ह्याला दोन वेगळे शब्द आहेत. आम्ही एकावरच भागवतो, बॅनरसारखं. मी बाबाजींना हा फरक समजावून सांगायला लागलो. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, “म्हंजे तुमी पोटभऱ्याईसाठी हा.” मी तिथेच थांबलो आणि त्यांचा मोबाइल नंबर लिहून घेतला. रेशनसाठी नव्हे. बॅसिलस सिरियससाठी.

पाहुणे गेल्यावर अकराच्या सुमाराला भुकेने पोटात कावळे ओरडत असलेले बाराएक अन्नशास्त्रज्ञ चौकातल्या ठेल्यावर उभे होते. तर्री रटरटत होती. “उकळती आहे, पंच्याहत्तरच्या वर नक्की,” ज्येष्ठ सदस्य म्हणाले आणि प्लेट पुढे केली. प्रोब माझ्या खिशातच होता. पण कोणी मागितला नाही, मीही काढला नाही. ठेलेवाला आमच्याकडे बघतच राहिला.

“भाऊ, मंघाशीच तं पन्नास प्लेटा धाडल्या तुमच्याकडं! पुरल्या नाई काय?”

संध्याकाळी चार वाजता मी बाबाजींना फोन केला. तब्येत कशी आहे, पोट वगैरे ठीक ना. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मला घाम फुटला. मग आवाज आला, “बरा हाओ साहेब. आजलोक कोन्या हापिसातून असा फोन नाई आला मले.”

नंतर मी ओळखीच्या एकाला विचारून त्यांना कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे हे कळवलं. एवढंच. पण बाबाजींच्या मते आता त्यांची एका हापिसात ओळख झाली होती.

ऑक्टोबर आला. १६ तारखेला विद्यार्थ्यांची नव्या पदार्थांची स्पर्धा ठेवली होती. संत्र्याचा आंबिया बहार नुकताच बाजारात येऊ लागला होता, त्यामुळे चौदापैकी नऊ पदार्थ संत्र्याचे. परीक्षणाची पद्धत शास्त्रशुद्ध: प्रत्येक नमुन्याला तीन आकडी सांकेतिक क्रमांक, नऊ पायऱ्यांची मोजपट्टी, ‘अत्यंत आवडले’पासून ‘अत्यंत नावडले’पर्यंत, आणि मध्ये चूळ भरायला साधं पाणी. ५७२ क्रमांकाचा नमुना एका मुलीचा होता. साखर न घातलेला ताजा रस. सकाळी आठला मी स्वतः घोटभर प्यायलो होतो. अप्रतिम.

पाहुणे साडेदहाला येणार होते. साडेबाराला आले.

नागपुरी संत्र्याच्या रसाची एक खोड आहे. फळ खाताना कडू लागत नाही, कारण फळात कडवटपणा तयारच नसतो. त्याचा बिनचवीचा पूर्वज असतो. रस काढला की तो रसातल्या आम्लाला भेटतो आणि काही तासांत लिमोनिन नावाचा कडूजहर वंशज जन्माला येतो. ती मुलगी अकरापासून माझ्यामागे लागली होती, “सर, प्लीज, आता नका देऊ. दुसरा काढू द्या.” मी नियमावली दाखवली. नमुना सकाळी जमा झाला की बदलता येत नाही. नियमावली मीच लिहिलेली.

पाहुण्यांनी ५७२ चा घोट घेतला. चेहरा पहिल्यांदा एका बाजूला गेला, मग दुसऱ्या. मुलीने डोळे मिटले. पाहुण्यांनी कप खाली ठेवला, रुमालाने ओठ टिपले आणि आदराने विचारलं, “आयुर्वेदिक आहे का? शुगरला फार चांगलं असणार.” आणि मोजपट्टीवर नऊ.

पहिलं बक्षीस तिलाच. ती स्टेजवर आली तेव्हा तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. भाषणात पाहुणे भुकेच्या प्रश्नावर आले, हात उंच केला, आणि त्याच क्षणी पंख्याच्या वाऱ्याने पट्टी सुटून खुर्चीवर पडली. पाहुण्यांनी मागे वळून बॅनर वाचला, मान डोलावली आणि पुढचा अर्धा तास अन्न सुरक्षेवर बोलले. कोणत्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. टाळ्या झाल्या.

पुढच्या रांगेत बाबाजी होते. निमंत्रण कोणी दिलं नव्हतं. वेळेवर आलेले सबंध सभागृहात ते एकटेच. त्यांनी उरलेल्या ५७२ चा घोट घेऊन कप बाजूला ठेवला.

“कवा काढला रस?”

“सकाळी आठला.”

“मंग कडूच होईन नं! काढला का पेवा लागते. काटोलले आमचे झाडं होते, लहान पोट्ट्यालेही मालूम राहे.”

मी समई पुसून, पट्टी घडी करून खिशात घातली. बाबाजींना सीताबर्डीला सोडतो म्हटलं. ते पुढे बसले.

“लागलं का नाव?” मी विचारलं.

“लागन म्हनते. पोहे नोयते आज?”

नव्हते म्हटलं. शंकरनगर चौकात सिग्नल लाल झाला. मी ब्रेक मारला. मागून गडगड झाली, आणि थांबल्यावर पुन्हा एकदा.

“साहेब,” बाबाजी मागे वळून बघत म्हणाले, “गाडीत काईतरी ढिलं झालं वाटते.”

“ती संघटना आहे,” मी म्हणालो.