काका, तेवढा टॅब खाली घ्या ना

लोकांना वाटतं सेलिब्रिटींचे फोटो काढायचं काम म्हणजे काय ऐश असेल, रोज हिरो-हिरॉइनी, कार्यक्रम फुकट आणि वर जेवण. जेवणाचं तर बोलूच नका, कूपनं संयोजकांच्या मेव्हण्याकडे असतात आणि मेव्हणा कुठंय ते कुणालाच माहीत नसतं. बाकी हिरो-हिरॉइनींचा खरंच काही त्रास नाही हो. उभे राहतात, हसतात, "ताई, जरा इकडे" म्हटलं की इकडे बघतात. त्रास आहे तो त्यांच्या आजूबाजूच्या चार फुटांचा, आणि पुण्यात ते चार फूट कधीच रिकामे नसतात.

दीपप्रज्वलनच घ्या. समई एक, वाती पाच आणि मान्यवर अकरा. जिच्यासाठी आपण चिंचवडहून ट्रॅफिक तुडवत आलो ती अभिनेत्री समईच्या पलीकडे, आणि अलीकडे कार्याध्यक्षांची पाठ. माझ्या हार्ड डिस्कवर या शहरातल्या समस्त कार्याध्यक्षांच्या पाठी आहेत, सफारीतल्या, जाकिटातल्या, सिल्कच्या कुर्त्यातल्या. त्यात वरचा पंखा नेमका वात विझवतो, मग "फोटोग्राफर, परत घ्या परत घ्या", आणि दुसऱ्या वेळी सगळेच्या सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतात, समईकडे कुणीच बघत नाही आणि मेणबत्ती जाते शेजारच्याच्या बाहीकडे. त्यानंतर सत्कार. देणारा आणि घेणारा दोघंही नारळ धरून थिजल्यासारखे उभे, नारळ बरोब्बर हनुवटीपुढे. बुके असेल तर अजूनच आनंद, त्याच्या चकचकीत प्लास्टिकवर फ्लॅश पडला की फोटोत मधोमध नुसता पांढरा गोळा आणि त्यामागे कुणीतरी कृतज्ञ.

सिनेमाच्या प्रीमियरला वेगळी तऱ्हा. पत्रिकेत साडेसहा, मंडळी येणार आठला, तोवर आम्ही सगळे त्या स्पॉन्सरवाल्या बॅनरसमोर स्टुलं, शिड्या लावून जागा धरून बसलेले आणि कुठलीही काळी गाडी आली की उठायचं, तर आतून निर्मात्याची सासू उतरते. हिरो आला रे आला की पन्नास मोबाइल वर आणि रिंगलाइट घेतलेली एक मुलगी चालत चालत थेट माझ्या लेन्समध्ये. बरं, सगळं जमून एक चांगला फोटो मिळाला की स्पॉन्सरचा माणूस खांद्यावरून डोकावतो, "साहेब, ह्याच्या डोक्यामागं आमचं नाव अर्धंच दिसतंय." अरे बाबा, डोकं त्याचंय, तूच सांग त्याला हलवायला. एकदा तर एक ज्येष्ठ नाट्यअभिनेते, स्वतःच स्कूटर लावून हेल्मेट काखेत मारून आले आणि बाउन्सर त्यांना म्हणतो "काका, पास?" त्या वेळचा त्यांचा चेहरा! तोच फोटो हवा होता मला, पण समोर रिंगलाइटवाली.

एवढं सोसून वाटतं की चला, शास्त्रीय संगीत तरी शांत असेल. ते शांत असतं, आणि पंचाईतही तीच असते. मैफलीत फ्लॅश मारायचा नाही, बरोबरच आहे ते. जुन्या कॅमेऱ्याचा शटर आलापीत असा खाडकन वाजतो की पहिली रांग वळून बघते, आणि नवा सायलेंट मोड लावावा तर एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ६४०० वर न्यायचा, लेन्सचं तोंड २.८ पर्यंत मोठं उघडायचं आणि श्वास धरायचा. लाइटवाल्याला कोण सांगतं काय माहीत, पण राग कुठलाही असो तो जांभळाच लाइट टाकतो, त्यामुळे अख्खा कलाकार जांभळा. हल्ली मैफलींचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट दिसतात ना, लोक म्हणतात काय क्लासिक टच आहे, त्यातले निम्मे त्या जांभळ्यामुळे तसे झालेत.

आणि गाणाऱ्याचा फोटो कधी काढायचा हेही शास्त्र आहे. तान चालू असताना काढला तर तोंड असं येतं की घरची माणसं फोन करून डिलीट करायला लावतात. समेवर काढायचा, म्हणजे तालाची फेरी पुरी होऊन परत पहिल्या मात्रेवर येते तिथं. हात खाली येतो, डोळे उघडतात, चेहऱ्यावर एकदम सुटल्याचं समाधान, ते एक सेकंद. पण विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, बारा मात्रांच्या एकतालाचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट आरामात चालतं. तेवढा वेळ एका गुडघ्यावर, डावीकडून तबलजीचा खांदा, उजवीकडून पेटी आणि मधे तोंडापुढं माइक अशा फटीतून नेम धरून बसायचं. मात्रा मोजत बसलोय, दहा, अकरा, बारा, सम आली, आणि पुढच्या रांगेतल्या काकांचा हात वर, "क्या बात है!" हातात टॅब. टॅबवर व्हिडिओ, ब्राइटनेस फुल.

भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तो रमणबागेतून आता मुकुंदनगरला गेला, या सगळ्या काळात ज्यांनी ३६ फोटोंच्या रोलवर ती गाणारी माणसं पकडली त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण त्यांच्यापुढं टॅब नव्हते एवढं मी म्हणणारच. सिनेकलाकारांचे फोटो काढणाऱ्या गौतम राजाध्यक्षांचे पोर्ट्रेटही मी तासन्‌तास बघतो, काय तो उजेड, काय ते चेहरे, आणि मुख्य म्हणजे एकाही फ्रेममध्ये कार्याध्यक्ष नाहीत.

तर मी काकांना हळूच म्हटलं, काका, तेवढा टॅब खाली घ्या ना. काका न वळता म्हणाले, "तू काय इथं गाणं ऐकायला आलायस का?" मध्यंतरात वडापावच्या रांगेत स्वतःहून भेटले, माझ्या स्क्रीनवर दोन फोटो बघितले, "एक्सपोजर जास्त ठेवतोस तू", आणि पुढं गेले.

चित्रप्रदर्शनाचं थोडक्यात सांगतो. चित्रं काचेत, त्यामुळे प्रत्येक चित्रात मी.

रात्री बाराला संयोजकांचा मेसेज येतो, फोटो पाठवा, पेपरला द्यायचेत अर्जंट. परवा अशीच मैफल झाली, आणि त्या दिवशी कसं कोण जाणे, मला सम मिळाली. हात, डोळे, चेहरा, सगळं, मागं तंबोऱ्याची रेघ. जांभळासुद्धा नाही. लगेच पाठवला. ब्लू टिक आली, टायपिंग, टायपिंग, आणि मग उत्तर आलं, "खूप छान सर. फक्त मधले गायक काढून त्या जागी वहिनींना घेता येईल का?"