तूप थेट मेंदूत जात नाही

‘मेंदू ६० टक्के चरबीचा असतो, म्हणून रोज दोन चमचे तूप घ्या; ते थेट मेंदूत जातं आणि नसांवरचं आवरण भरून येतं,’ असा मेसेज सतत फिरत असतो.

६० टक्के हा आकडा पाणी काढून टाकल्यावर उरणाऱ्या कोरड्या वजनाचा आहे. जिवंत मेंदूत तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं.

‘थेट मेंदूत जातं’ हे साफ चूक. तुपातली चरबी रक्तात येते ती कायलोमायक्रॉन या मोठ्या कणांतून, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत हे कण आत सोडत नाही. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. ॲस्ट्रोसाइट या आधारपेशी ते अपोई प्रथिनावर चढवून न्यूरॉनना पुरवतात. आहारातून लागतं ते डीएचए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल. ते बांगडा-तारलीत भरपूर, तुपात नगण्य.

‘आवरण भरून येतं’ हा दावा सर्वांत घातक, कारण तो मल्टिपल स्क्लेरोसिस या नसांवरचं आवरण झिजवणाऱ्या आजाराच्या रुग्णांपर्यंत पोहोचतो. आवरण, म्हणजे मायलिन, घडवतात ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी. या आजारात अडतं ते कच्च्या मालावाचून नव्हे. प्रतिकारपेशी मायलिनवर हल्ला करतात आणि नव्या पेशी नीट परिपक्व होत नाहीत. म्हाताऱ्या उंदरांत तर तुटलेल्या मायलिनचं कोलेस्टेरॉल सफाई करणाऱ्या मायक्रोग्लियात साचून त्याचे स्फटिक होतात आणि दुरुस्ती रखडते.

मेंदूतली काही स्निग्ध द्रव्यं निरोप्याचं काम करतात, आणि तिथे चमच्यांचा हिशोब चालतच नाही. स्फिंगोसीन-१-फॉस्फेट घ्या. ते पेशीच्या पटलातल्या स्फिंगोलिपिडांपासून तयार होतं आणि पाच प्रकारच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप पकडणाऱ्या प्रथिनांवर (रिसेप्टर), बसतं. पाचव्या प्रकारच्या ग्राहकावर बसलं, की अपरिपक्व ऑलिगोडेंड्रोसाइट आपले फाटे आखडून घेते; तीच पेशी परिपक्व असेल तर तगून राहते. द्रव्य एक, ग्राहकही एक, परिणाम मात्र पेशीच्या वयानुसार उलटा!

याच यंत्रणेवर काम करणारं फिंगोलिमोड हे मल्टिपल स्क्लेरोसिसचं औषध अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झालं. प्रौढांचा नेहमीचा डोस दिवसाला ०.५ मिलिग्रॅम, दोन चमचे तूप त्याच्या सुमारे वीस हजार पट भरेल. ते मुख्यतः लिम्फोसाइट या प्रतिकारपेशींना लसिकाग्रंथींत अडकवून ठेवतं. पण उंदरांच्या ॲस्ट्रोसाइटमधला पहिल्या प्रकारचा ग्राहक काढून टाकला, तर औषधाचा गुण येत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. हाच ग्राहक हृदयातही असल्याने पहिल्या गोळीनंतर नाडी मंदावते. म्हणून सहा तास देखरेखीखाली ठेवतात.

तूप जेवणात जरूर घ्या. पण त्याच्या भरवशावर ही गोळी मनाने बंद करू नका: ती थांबवल्यावर काहींचा आजार आधीपेक्षा जोरात उसळतो.