तीन मोजे

माझ्याकडे सध्या उड्या मारायचे तीन मोजे आहेत. चौथा एका ट्रॅम्पोलीन पार्कात, फोमच्या खड्ड्याच्या तळाशी आहे आणि त्याच्यापायी मी १०० रुपये दोनदा भरलेत.

भाच्याचा वाढदिवस, मे महिना, नागपूर, ४५ अंश. एसी असेल तिथे जायचं, एवढंच ठरलं होतं. दारात मोबाईलवर फॉर्म आला: हातपाय मोडले, जीव गेला तरी आमची काही तक्रार नाही. टिक केलं. मग तळाला रबरी ठिपके असलेले मोजे, सक्तीचे. घरचे चालत नाहीत. पकड नसते म्हणे. कंपनीचं नावही नसतं.

फोमच्या खड्ड्यात उडी कोणीही मारतं. बाहेर येणं हा प्रकार वेगळा. एक पाय रोवावा तर दुसरा खाली. चार ठोकळे सारावे तर सहा अंगावर.

"काहून जी, फसले का?"

कठड्यापलीकडे एक काका. एसीतसुद्धा डोक्याला दुपट्टा, हातात मक्याच्या दाण्यांचा कप.

"नाही, बसलोय."

"बसा. पन पाय नका हालवू. गाळात बैल फसला का पाय हालवते, अन् मंग अजून फसते." दोन दाणे खाल्ले. "वजन किती हाये?"

"काका, प्लीज."

"नाही, माह्या जवायाले काढाले तिघं लागले होते. तुमचं दोघात होऊन जाईन."

तेवढ्यात सातेक वर्षांची एक मुलगी माझ्या खांद्यावर पाय देऊन बाहेर गेली.

"पाहा, पोट्टी निघाली! पोटावर लोळा. डावीकडं... माह्यं डावं नाही जी, तुमचं!"

लोळताना माणसाला काहीही आठवतं. जॉर्ज निसन नावाच्या अमेरिकनाने सर्कशीतले झुल्यावरचे कलाकार जाळीत पडून उसळताना पाहिले आणि १९३४ मध्ये आयोवात आधुनिक ट्रॅम्पोलीन बनवलं. पुढे जाहिरातीसाठी तो चक्क एका कांगारूबरोबर उड्या मारायचा. कांगारूला कोणी मोजे विकले नसणार.

बाहेर आलो तेव्हा एक पाय उघडा होता.

"सर, बिना सॉक्स के चलना अलाउड नहीं."

"मी घरीच चाललोय. दार ते समोर."

"फ्लोअर पे नहीं सर."

"मग एकच द्या."

"पेअर में आता है."

मॅनेजर म्हणाला, फ्रँचायझी आहे, नियम वरून येतात. इमारत नागपूरची, वीज नागपूरची, घाम नागपूरचा. फक्त 'नाही' तेवढं बाहेरगावाहून येतं. आणि ज्यानं पाठवलं तो कधी समोर येत नाही, ही खरी चीड. लहानपणी आम्ही बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर उड्या मारायचो. मालक ओरडायचा, पण स्वतः ओरडायचा आणि फुकट. इथे नवी जोडी घेतली, एक घातला, पंधरा पावलं चाललो, काढला.

चपलांच्या कप्प्यापाशी काका उभेच.

"एक सुटा उरला न तुमचा?" त्यांनी खिशातून एक मोजा काढला. ठिपक्यांचा. "जवायाचा हाये. दुसरा त्याच खड्ड्यात. तुमचा पन्नासात द्या, माही जोडी होऊन जाते."

"शंभराला दोनदा घेतलाय, काका."

"म्हून तर म्हनतो. काही तरी वापस भेटन."

मी साठ म्हणालो. काकांनी मोजा खिशात घातला आणि उरलेला मका खात निघून गेले.