एका तारखेपायी

आज 1 तारीख. सकाळी 9:10 ला पगार जमा झाल्याचा मेसेज आला आणि 9:40 ला चाकणच्या पंपावर 200 रुपयांचं यूपीआय फेल गेलं. मला वाटलं नेटवर्क. परत केलं, परत फेल. ॲप उघडलं तर शिल्लक 34,200 आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात वापरता येणारी शिल्लक शून्य. मागची रिक्षा हॉर्न मारतेय, पंपावरचा पोरगा माझ्याकडे असा बघतोय की जणू मी फुकटात पेट्रोल भरायलाच आलोय. शेवटी डब्यात ठेवलेली नोट निघाली म्हणून सुटलो.

बँकेने माझा पगार अडवायची ही तिसरी वेळ आहे. तिसरी!

मी कर्जबुडवा नाही हे आधीच सांगतो, कारण 'एज्युकेशन लोन थकलंय' म्हटलं की समोरच्याची नजरच बदलते. जुलै 2022 पासून आजपर्यंत माझा एकही हप्ता चुकलेला नाही. एकही नाही. 6,700 रुपये, दर महिन्याला. आणि तरीही मी त्या बँकेच्या दप्तरी एनपीए, म्हणजे थकलेलं खातं, आहे. कसा, ते ऐका.

2016 ला मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली तेव्हा कराडजवळच्या एका सरकारी बँकेच्या शाखेतून 3 लाख 80 हजारांचं कर्ज काढलं. 4 लाखांच्या आत असल्यामुळे तारण लागलं नाही, वडील, म्हणजे आप्पा, सहकर्जदार. कोर्स संपल्यावर एक वर्ष हप्ता नाही, तोपर्यंत सरळव्याज, हे मंजुरीपत्रात स्वच्छ लिहिलेलं. तिसऱ्या वर्षाला मला वायडी लागली, म्हणजे नापास होऊन एक वर्ष गेलं. माझी चूक, मान्य. एम-थ्रीने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने, बऱ्याच जणांचा घास घेतलाय, त्यात मी एक. पण शैक्षणिक कर्जाच्या योजनेतच सोय आहे की कोर्स वेळेत पुरा झाला नाही तर दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवून मिळते. म्हणून जुलै 2019 मध्ये कॉलेजचं बोनाफाईड घेऊन मी स्वतः शाखेत गेलो, अर्ज दिला, पोच घेतली. कोर्स संपण्याची तारीख जून 2020 ऐवजी जून 2021. हप्ता सुरू जुलै 2022. मॅनेजर साहेबांची सही, गोल शिक्का, सगळं माझ्याकडे आहे. लॅमिनेशन करून घेतलंय आता.

मग 1 एप्रिल 2020 उजाडला आणि दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. आमची बँक गिळली गेलेल्यांपैकी. पाटी बदलली, आयएफएससी बदलला, पासबुकाचा रंग बदलला. खाती नव्या सिस्टीममध्ये ओतताना माझी जुनी तारीख तेवढी आत गेली, शिक्क्याची नवी तारीख गेलीच नाही. ती बिचारी कागदावरच राहिली, फाइलमध्ये, कपाटात, आणि ते कपाट कुठल्या गोदामात गेलं हे आजतागायत कुणाला माहीत नाही.

म्हणजे सिस्टीमच्या मते माझा हप्ता जुलै 2021 ला सुरू झाला. मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. एसएमएस गेले ते मी अकरावीत वापरायचो त्या नंबरवर. 90 दिवस उलटले, खातं एनपीए. आणि नशीब बघा, नोकरी लागली त्या कंपनीने पगाराचं खातं काढून दिलं ते नेमकं याच बँकेत. डिसेंबर 2021 चा पहिला आठवडा, माझ्या आयुष्यातला तिसरा पगार, अख्खा होल्ड. रूमभाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे, सगळं ठप्प. कराडला जाऊन शिक्का दाखवला, 19 दिवसांनी होल्ड उठला. मॅनेजर म्हणाला, "झालं तुमचं काम, निश्चिंत राहा." मी मूर्खासारखा निश्चिंत राहिलो.

कारण त्याने होल्ड काढला, तारीख नाही बदलली. तारीख बदलायचा अधिकार शाखेला नाहीच म्हणे, तो विभागीय कार्यालयाला, आणि विभागीय कार्यालय म्हणतं शाखेकडून शिफारस आली पाहिजे, आणि शाखा म्हणते शिफारस केव्हाच पाठवली. घोडं पेंड कुठं खातंय ते विचारायची सोय नाही.

आता खरी गंमत. जुलै 2022 ला मी हप्ते भरायला लागलो तेव्हा सिस्टीमच्या लेखी मी बारा हप्ते मागे होतो. म्हणजे 80,400 रुपये, वर दंड वेगळा. मी भरलेला प्रत्येक रुपया आधी त्या न झालेल्या थकबाकीत जिरतो. आणि खातं एनपीएतून बाहेर कधी येतं? रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केलंय, सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याज दोन्ही, पूर्ण भरल्यावरच. म्हणजे मी मरेपर्यंत वेळेवर हप्ते भरले तरी थकबाकीदारच. धावतोय, घाम गाळतोय, आणि पळायचं मशीन आपलं जागच्या जागी.

"मग एकदाच भरून टाका ना 80 हजार," असं मला एका क्लार्कबाईंनी अगदी मायेने सुचवलं. अहो बाई, जे देणं लागत नाही ते का भरू? आणि भरलं की तुमची चूक माझी कबुली होते, ते वेगळंच!

दुसऱ्या वेळेला, 2023 मध्ये, त्यांनी आप्पांचं खातं पण धरलं. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. 28 वर्षं घंटा वाजवली त्यांनी. पेन्शन आणायला गेले तर काउंटरवर चार माणसांदेखत सांगितलं, "काका, मुलाने कर्ज बुडवलंय, पैसे निघणार नाहीत." माणूस काही बोलला नाही, पिशवी घडी करून घरी आला. आईने फोन केला तेव्हा मला कळलं. सरकारी पेन्शनवर कोर्टालासुद्धा जप्ती आणता येत नाही, 1871 चा पेन्शन कायदा आहे, दीडशे वर्षं जुना, इंग्रजांनी केलेला. इंग्रजांना होती तेवढी लाज यांना नाही.

पगाराचंही तेच. माझ्या एका वकील मित्राने दाखवलं: दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 60. कोर्टाने हुकूमनामा देऊन पगार जप्त केला तरी पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावेच लागतात. माणसाने खायचं काय, एवढा विचार त्या कायद्यात आहे. पण हे सगळं पगार मालकाकडे असेपर्यंत, मित्र म्हणाला. तो तुझ्या खात्यात पडला की बँक त्याला पगार म्हणत नाही, शिल्लक म्हणते, आणि करार कायद्याचं कलम 171 पुढे करते, म्हणजे येणं असेल तर ग्राहकाचं हाताशी असलेलं धरून ठेवायचा बँकेचा हक्क. म्हणजे न्यायाधीशाला माझं एक तृतीयांशाच्या वर घेता येत नाही, आणि एसीत बसलेल्या कॉम्प्युटरला अख्खं घेता येतं. ना नोटीस, ना सुनावणी. माझा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो. तो सांगतो तिकडेसुद्धा सरकारी विद्यार्थी कर्ज थकलं की कोर्टाशिवाय पगार कापतात, पण कापायच्या आधी 30 दिवसांची नोटीस देतात आणि हातात पडणाऱ्या पगाराच्या 15 टक्क्यांच्या वर जात नाहीत. मी त्या देशाच्या कारभाराचा हेवा करीन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

वसुलीवाल्यांचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं तरी डोकं सणकतं. सकाळी 8 च्या आत आणि संध्याकाळी 7 च्या पुढे फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावलंय. मला सकाळी 7:20 ला यायचा, बरोबर शिफ्टच्या बसमध्ये. "काय इंजिनियर साहेब, उठलात का?" एकदा त्या वसुलीवाल्याने माझ्या मामांना फोन केला. मामांचा या कर्जाशी संबंध एवढाच की 2016 ला ते आमच्याबरोबर बँकेत चहा प्यायले होते.

तक्रारी केल्या ना, का नाही केल्या? बँकेकडे तीन. तिन्ही 'निराकरण झाले' म्हणून बंद, निराकरण काय झालं ते लिहिलेलं नाही. 30 दिवस थांबून मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. ते ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि तिथूनच पहिल्यांदा काहीतरी हललं. 2024 मध्ये बँकेने लेखी दिलं की 'विलीनीकरणावेळी तांत्रिक कारणास्तव नोंद अद्ययावत झाली नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' मी ते पत्र आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मी खोटा नाही ना?" बस, एवढंच विचारलं.

पण पत्र दिलं म्हणजे नोंद सुधारली असं नाही, हे मला समजायला हवं होतं. सिबिल, म्हणजे माझ्या कर्जफेडीच्या पतीचा आकडा, अजून 580 च्या आसपास लोळतंय. हा आकडा काढणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडे तक्रार टाकली. नियम असा की 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रोज 100 रुपये भरपाई. 27 व्या दिवशी उत्तर आलं: बँकेने माहिती बरोबर असल्याचं कळवलंय. वेळ कशी पाळायची हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक आहे. एक हात दिलगिरी लिहितो, दुसरा हात माहिती बरोबर म्हणून सही ठोकतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? माझे पैसे अडवायचे असले की सगळं आपोआप होतं. रात्री दोनला, सुट्टीच्या दिवशी, कुणाची सही न लागता. आणि सोडायचे असले की अर्ज, झेरॉक्स, शिफारस, साहेब रजेवर, प्रिंटर बंद, सोमवारी या. माझ्या विरोधात असलं की मशीन, माझ्या बाजूचं असलं की माणसं.

असो. आज हाफ डे टाकला आणि उधार पैसे घेऊन स्वारगेटवरून कराडची एसटी पकडली. शाखेत चौथा मॅनेजर आलाय. पोरगा चांगला वाटला, माझ्याच वयाचा. त्याने लॅमिनेट केलेली पोच बघितली, दिलगिरीचं पत्र बघितलं, मान हलवली, म्हणाला, "सर, तुमची केस जेन्युइन आहे." मला वाटलं, सुटलो.

मग म्हणाला, "फक्त बोनाफाईड ताजं लागेल. तीन महिन्यांच्या आतलं."

मी म्हटलं, साहेब, मी 2021 ला पास आऊट झालोय. बोनाफाईड म्हणजे मी सध्या तिथे शिकतोय याचा दाखला.

"हो, पण चेकलिस्टमध्ये आहे."

तिथूनच कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडून विचारलं, कुठल्या वर्षाला आहात? मी वर्ष सांगितलं. ते खूप वेळ हसले.