चिपीवर उतरवलेलं मालवाहू विमान भरणार कशानं?

हापूसचा हंगाम आला की आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. 'चिपीला प्रवासी नाहीत. विमानतळ फक्त मालवाहतुकीला द्या. सकाळी काढलेला आंबा संध्याकाळी दुबईत, दुसऱ्या दिवशी अमेरिकेत. दलाल संपले!' गावच्या ग्रुपवर तो आला की अंगठ्यांची रांग लागते.

'सकाळी काढलेला, संध्याकाळी दुबईत.' पण आपण काढतो तो आंबा कच्चा असतो. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवायचा, नाहीतर चीक ओघळून सालीवर डाग पडतो. मग पिकायला गवताच्या आढीत आठ-दहा दिवस. देवगडहून रात्री निघालेला ट्रक सकाळी नवी मुंबईत वाशीच्या बाजाराला लागतो. एवढ्याने हापूसचं काही बिघडत नाही. आखाताचा बराच आंबा तर जहाजानेच जातो. उन्हात तापलेल्या फळात साका धरला असेल, म्हणजे आतला गर खराब झाला असेल, तर तो विमानातून गेला तरी कापल्यावरच कळणार.

'थेट अमेरिकेत.' अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर किडीसाठी विकिरण प्रक्रिया लागते आणि ती त्यांच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली होते. त्यासाठी राज्याच्या पणन मंडळाचं केंद्र वाशीला आहे. जपानला उष्ण बाष्प प्रक्रिया लागते. म्हणजे अमेरिकेची पेटी आधी वाशीलाच जाणार. तिथून परत चिपीला आणायची?

आता विमानाचं बघू. चिपीची धावपट्टी अडीच हजार मीटर. लांब पल्ल्याचं मोठं मालवाहू विमान पूर्ण भरून उडायला त्याहून जास्त लांबी मागतं. मध्यम आकाराचं, वीस टनांचं धरलं तरी हजारावर पेट्या झाल्या. मार्च ते मे भरूही एखाद वेळ. पण ते येताना काय घेऊन येणार? आणि जूनपासून पुढे? बेल्जियमचं लिएज, जर्मनीचं लाइपझिग ही मालवाहतुकीवर चालणारी विमानतळं. पण तिथं बारा महिने पार्सलांचा ओघ असतो, दोन्ही बाजूंनी. आपल्याकडची गोठवलेली कोळंबी थंड ठेवणाऱ्या रीफर कंटेनरमधून समुद्रमार्गे जाते. विमानाचं भाडं परवडतं ते जिवंत खेकड्यांना, आणि ते किती असणार?

'प्रवासी नकोत, मालच हवा' हे तर उलटंच आहे. जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. चिपीला येतं ते सत्तर-बहात्तर आसनांचं एटीआर, त्याचं पोट लहान. मोठी विमानं बांद्यापलीकडे गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरतात. आंबा विमानानेच पाठवायचा असेल तर आधी तिथं चौकशी करा.

राहिले दलाल. मेसेज लिहिणाऱ्याने बाग केलेली नाही, एवढं नक्की. खत-फवारणीसाठी वाशीच्या गाळेवाल्या दलालाकडून आगाऊ पैशांची उचल घेतली की मोहोर यायच्या आधीच पेट्या कुठं जाणार ते ठरलेलं असतं. विमान चिपीला उतरो की मुंबईला, त्या पेट्या त्याच गाळ्यावर उतरणार.